नाव एक, ओळी दोन: व्हीकार्डमधील ‘*१’ या खुणेचा अर्थ लावताना

तालुक्याच्या गावातील एका ‘ब’ वर्ग सार्वजनिक ग्रंथालयाच्या सभासद-नोंदी जुन्या प्रोग्राममधून काढून नव्या प्रोग्राममध्ये भरायच्या होत्या. सभासद हजाराहून थोडे अधिक होते. कार्यकारी मंडळाने एकच अट घातली होती: मधली फाइल कोणा विक्रेत्याच्या खास स्वरूपात नसावी, म्हणजे पुढे कधी पुन्हा प्रोग्राम बदलला तरी नोंदी अडकून पडणार नाहीत. म्हणून व्यक्तींची माहिती देण्याघेण्यासाठी सर्वत्र वापरले जाणारे व्हीकार्ड हे स्वरूप ठरले आणि त्याची ४.० ही आवृत्ती निवडली गेली. तिचा विनिर्देश, म्हणजे नियमांचा दस्तऐवज, इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने ऑगस्ट २०११ मध्ये आपल्या ‘आरएफसी’ या क्रमांकित दस्तऐवज-मालिकेत आरएफसी ६३५० या क्रमांकाने प्रसिद्ध केला आहे. प्रत्येक कार्ड आत घेण्यापूर्वी ते विनिर्देशानुसार आहे की नाही हे पाहणारा तपासणी प्रोग्राम लिहिण्याचे काम माझ्याकडे होते, आणि अभियांत्रिकी महाविद्यालयातील एक विद्यार्थी मदतीला होता.

पहिल्याच फेरीत शेकडो कार्डे नाकारली गेली. कारण सर्वत्र एकच होते. व्हीकार्डमध्ये आडनाव, नाव, मधले नाव अशा घटकांत फोडलेले नाव ‘एन’ या गुणधर्मात लिहितात. विनिर्देशात एनपुढे ‘*१’ ही खूण आहे आणि या कार्डांत एनच्या दोन ओळी होत्या, बहुतेकांत एक देवनागरीत व दुसरी रोमन लिपीत. ‘*१’ म्हणजे जास्तीत जास्त एक, म्हणून दोन ओळी म्हणजे चूक, असा नियम मी प्रोग्राममध्ये घातला होता. विद्यार्थ्याने त्यावर उपाय म्हणून दोन ओळी असतील तिथे शेवटची ठेवून पहिली गाळणारी छोटी आज्ञावली लिहिली. मला विचारूनच त्याने ती चालवली आणि मी होकार दिला. सगळी कार्डे तपासणीतून सुटली.

पुस्तक परत करण्याची मुदत उलटलेल्या सभासदांना स्मरणपत्रे छापायला घेतली, तेव्हा त्यांवरची बहुतेक नावे रोमन अक्षरांत आली. दोन लिप्या असलेल्या प्रत्येक कार्डात देवनागरी ओळ पहिली होती, म्हणून गळाली होती तीच. जुनी वही आणि जुनी फाइल शाबूत असल्यामुळे काही कायमचे हरवले नाही. ग्रंथपाल बाईंना मी खुलासा केला की नियमानुसार एका कार्डात एकच नाव ठेवता येते. त्यांनी विचारले, “सर, नाव एकच आहे ना? दोन लिप्यांत लिहिले म्हणून दोन नावे कशी होतील?” मी विनिर्देश पुन्हा उघडला, आणि त्यांचे म्हणणे विनिर्देशाच्याच शब्दांत तिथे लिहिलेले आढळले. माझ्या वाचनात ते आले नव्हते.

खूण काय सांगते

व्हीकार्डच्या विनिर्देशात प्रत्येक गुणधर्मापुढे चारपैकी एक खूण असते: ‘१’, ‘*१’, ‘१*’ किंवा नुसती ‘*’. ही पद्धत एबीएनएफ या व्याकरण-लेखनपद्धतीवरून घेतली आहे. तिच्यात तारकेच्या डावीकडे किमान संख्या आणि उजवीकडे कमाल संख्या असते. डावीकडे काहीच नसेल तर किमान शून्य, उजवीकडे काहीच नसेल तर वर मर्यादा नाही, आणि तारकेविना आकडा असेल तर नेमके तितकेच. म्हणून ‘*१’ म्हणजे शून्य किंवा एक आणि ‘१*’ म्हणजे एक किंवा अधिक. एक्सएमएल स्कीमाची (एक्सएमएल फाइलींची रचना ठरवण्याच्या पद्धतीची) सवय असलेल्याने येथे थांबून वाचावे, कारण तिथे किमान व कमाल वेगवेगळ्या शब्दांत लिहितात आणि काहीच लिहिले नाही तर दोन्ही एक मानतात. येथे काहीच न लिहिण्याचा अर्थ डावीकडे शून्य आहे आणि उजवीकडे अमर्याद.

खुणांचा अर्थ सांगणाऱ्या तक्त्यातील शब्दयोजना मात्र अडखळायला लावते. ‘*१’ साठी तिथे दिलेल्या वाक्याचा मराठीत सरळ आशय असा होतो की प्रत्येक व्हीकार्डात नेमकी एक नोंद असू शकते. ‘नेमकी एक’ हे शब्द आणि ‘असू शकते’ हे क्रियापद एकाच वाक्यात आल्याने, नसली तर काय, हे वाचकाला स्वतः काढावे लागते. नुसत्या तारकेसाठीही ‘एक किंवा अधिक असू शकतात’ असेच म्हटले आहे. शून्य हा शब्द या दोन्ही वाक्यांत नाही. तो ‘असू शकते’ या क्रियापदात दडलेला आहे, कारण मार्च १९९७ मधील आरएफसी २११९ ने या क्रियापदाला ऐच्छिक असा नेमका अर्थ ठरवून दिला आहे. विद्यार्थ्याने ‘नेमकी एक’ हेच शब्द धरले होते आणि एन नसलेले कार्डही नाकारले पाहिजे असा त्याचा आग्रह होता. तो आग्रह निराधारही नव्हता. सप्टेंबर १९९८ च्या आरएफसी २४२६ मध्ये, म्हणजे व्हीकार्डच्या ३.० आवृत्तीत, एन आणि ‘एफएन’ हे दोन्ही गुणधर्म असलेच पाहिजेत असा नियम होता. ४.० मध्ये एन ऐच्छिक झाला आणि एफएन, म्हणजे जसे दाखवायचे तसे पूर्ण लिहिलेले नाव, ‘१*’ या खुणेने अनिवार्य राहिले.

अशा तक्त्यांचे मराठी रूप करताना मी आता ‘असावे’ हा शब्द टाळतो. ‘एक असावे’ यातून सूचना, अपेक्षा आणि सक्ती असे तीनही अर्थ निघतात. आपल्याकडे याहून नेमकी रूपे बोलण्यातच आहेत: ‘एक असलेच पाहिजे, दुसरे चालणार नाही’, ‘नसले तरी चालेल, असले तर एकच’, ‘किमान एक हवेच, पुढे कितीही’, ‘कितीही चालतील, एकही नसले तरी चालेल’. स्वयंसेवकांसाठी केलेल्या तक्त्यात हीच चार वाक्ये आहेत, आणि ‘ऐच्छिक’ किंवा ‘बहुविध’ अशा शब्दांपेक्षा ती लोकांना लवकर कळली.

पण खुणेचा अर्थ मला आधीही ठाऊक होता. जास्तीत जास्त एक, हे वाचन बरोबरच होते. एक काय, हे मी गृहीत धरले होते.

मोजायचे काय

माझा प्रोग्राम ओळी मोजत होता. व्हीकार्डची फाइल ओळींची असते, म्हणून हे स्वाभाविक वाटले, पण ‘ओळ’ ही देखील तिथे सरळ गोष्ट नाही. ७५ बाइटांपेक्षा लांब ओळ मोडावी असे विनिर्देश सुचवतो, आणि मोडलेला पुढचा भाग रिकाम्या जागेने किंवा टॅबने सुरू होतो. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-अनुस्वारासह, तीन बाइट घेते. उदाहरणासाठी कल्पिलेली ही ओळ पाहा (मूळ फाइलीत गुणधर्मांची व त्यांना जोडलेल्या पॅरामीटरांची, म्हणजे जादा सूचनांची, नावे रोमन असतात, येथे ती देवनागरीत दिली आहेत):

एन;ऑल्टआयडी=१;लँग्वेज=एमआर:देशपांडे;सुनंदा;माधव;;

नावातील अठरा चिन्हांचे ५४ बाइट, चार अर्धविराम आणि आधीचा २२ बाइटांचा मजकूर मिळून ही ओळ ८० बाइटांची होते, म्हणजे इतके साधे नावही मोडले जाते. डोळ्यांना दिसणाऱ्या ओळी मोजणाऱ्याचा हिशेब तिथेच चुकतो. त्याखेरीज गुणधर्माच्या नावाआधी टिंब देऊन गटाचे नाव लिहिता येते, आणि तसे लिहिलेला एन हाही एनच असतो. या दोन गोष्टी मी आधीच सांभाळल्या होत्या, त्यामुळे मोजणी काळजीपूर्वक केली आहे अशी माझी खात्री झाली होती.

खरा नियम विनिर्देशाच्या ५.४ या कलमात आहे. एन हा गुणधर्म ६.२.२ मध्ये येतो, आणि ज्याला एनविषयी काही पाहायचे असते तो थेट तिथे जातो. तिथे ‘*१’ दिसते आणि शोध थांबतो. ५.४ मध्ये ‘ऑल्टआयडी’ या पॅरामीटरचे वर्णन आहे. दोन नोंदींचे गुणधर्म-नाव एकच असेल आणि त्यांच्या ऑल्टआयडीचे मूल्यही एकच असेल, तर त्या एकाच तार्किक गुणधर्माची पर्यायी रूपे समजायच्या. पुढे त्याच कलमात स्पष्ट म्हटले आहे की समान ऑल्टआयडी असलेल्या नोंदी संख्यामर्यादेच्या हिशेबात एक म्हणून धराव्यात. ज्या नोंदीला ऑल्टआयडी नाही, ती दुसऱ्या कशाचेही पर्यायी रूप मानायची नाही.

म्हणजे ‘*१’ मधला एक हा ओळींचा आकडा नसून तार्किक गुणधर्मांचा आहे. ऑल्टआयडी समान असेल तर एनच्या दोन, तीन, दहा ओळीसुद्धा एक भरतात. कलमातील उदाहरणही थेट आमच्याच परिस्थितीचे आहे: एक जपानी नाव, एका ओळीत जपानी लिपीत आणि दुसरीत रोमन लिपीत, दोन्ही ओळींना ऑल्टआयडी एक. हे वैध आहे, असे विनिर्देश सांगतो. थोडे खाली अवैध उदाहरण येते, ज्यात जपानी ओळीला ऑल्टआयडी आहे आणि रोमन ओळीला नाही. तिथे शेरा आहे की एनच्या दोन नोंदी झाल्या. (त्या उदाहरणांत जपानी भाषेसाठी ‘जेपी’ हे अक्षरयुगुल वापरले आहे. ते देशाचे संकेतचिन्ह आहे, भाषेचे ‘जेए’ आहे. विनिर्देशातील उदाहरणे जशीच्या तशी उचलू नयेत, हे मला त्यावरून पटले.)

दोन गठ्ठे

यानंतर नाकारलेली कार्डे मी पुन्हा पाहिली, तेव्हा ती दोन वेगळ्या ठिकाणांहून आलेली आढळली. वर्गणीच्या ऑनलाइन पावत्या देणाऱ्या प्रोग्रामने एनच्या दोन्ही ओळींना ऑल्टआयडी दिला होता. ती कार्डे पूर्ण वैध होती आणि माझ्या तपासणीने ती नाकारायलाच नको होती. देवघेवीच्या जुन्या प्रोग्रामने मात्र ऑल्टआयडी न देता दोन ओळी नुसत्या एकाखाली एक लिहिल्या होत्या. ती कार्डे विनिर्देशाच्या अक्षराप्रमाणे अवैधच होती, म्हणजे माझ्या प्रोग्रामने ती योग्यच नाकारली, पण त्यामागचा नियम चुकीचा होता. एका गठ्ठ्यात निकालच चूक, दुसऱ्यात निकाल बरोबर आणि कारण चूक. दोन्हींवर उपाय एकच केला गेला, ओळ गाळण्याचा, आणि तो दोन्हीकडे चुकीचा होता. दुसऱ्या गठ्ठ्याला हवा होता तो ऑल्टआयडी.

संख्यामर्यादेचा भंग झाला की हात आपोआप जास्तीची गोष्ट काढण्याकडे वळतो, आणि हे मला या प्रकरणात सर्वांत गंभीर वाटते. नियम भंगला आहे एवढेच तपासणी सांगते. काय जास्त आहे हे ती सांगत नाही, आणि काही जास्त आहे की नुसता दुवा राहिला आहे हेही सांगत नाही.

रोमन ओळीच्या भाषेचाही प्रश्न निघाला. पावत्यांच्या प्रोग्रामने रोमन नावाला इंग्रजीची खूण दिली होती. सुनंदा माधव देशपांडे हे नाव रोमन अक्षरांत लिहिले म्हणून इंग्रजी होत नाही. सप्टेंबर २००९ च्या आरएफसी ५६४६ नुसार भाषेच्या खुणेला लिपीची उपखूण जोडता येते, म्हणून ‘एमआर-लॅटन’ असे लिहिणे योग्य, म्हणजे मराठी भाषा, लॅटिन लिपी. संख्येच्या हिशेबावर याचा काहीच परिणाम होत नाही, कारण नोंदी एकत्र बांधण्याचे काम ऑल्टआयडी करतो, भाषेची खूण नव्हे. आम्ही मात्र ती बदलून घेतली.

माहेरचे नाव, सासरचे नाव

दुसऱ्या गठ्ठ्यातील ज्या कार्डांत एनच्या दोन ओळी आहेत त्या सर्वांना ऑल्टआयडी एक देऊन टाकावा, म्हणजे सगळी कार्डे वैध होतील, असे विद्यार्थ्याने सुचवले. दहा ओळींची आज्ञावली पुरली असती. तिला मी नकार दिला, कारण काही कार्डांतील दोन्ही ओळी देवनागरीत होत्या.

त्या वाचल्यावर त्यांचे दोन प्रकार दिसले. काहींत एकच नाव दोन तऱ्हांनी लिहिले होते, एकदा कुलकर्णी आणि एकदा कुळकर्णी, किंवा ऱ्हस्व-दीर्घाचा फरक. तिथे सभासदाने अर्जावर स्वतः लिहिलेले रूप ठेवून दुसरी ओळ काढणे योग्य होते, कारण ती कोणा लेखनिकाच्या हातून झालेली चूक होती. दुसऱ्या प्रकारात विवाहित सभासदांची माहेरची आणि सासरची नावे होती. आडनाव वेगळे, मधले नाव वेगळे (एकात वडिलांचे, दुसऱ्यात पतीचे), आणि क्वचित पहिले नावही वेगळे.

ही दोन नावे एकाच नावाची पर्यायी रूपे आहेत का? व्यक्ती एकच आहे यात शंका नाही. पण ऑल्टआयडी एकाच व्यक्तीच्या गोष्टींना बांधत नाही, कारण कार्डातील सगळ्याच गोष्टी एका व्यक्तीच्या असतात. तो एकाच गुणधर्माच्या रूपांना बांधतो. लिपी बदलली तरी नाव तेच राहते, तर लग्नानंतर बदललेले नाव हे वेगळे नाव असते. विनिर्देशाच्या त्याच कलमात याला धरून एक विलक्षण उदाहरण आहे: एनच्या तीन ओळी, तिन्हींना ऑल्टआयडी एक. पहिल्या दोन त्याच जपानी नावाच्या, तिसरी अगदी वेगळ्या इंग्रजी नावाची. हे वैध पण शंकास्पद, असे विनिर्देश म्हणतो, आणि कारण देतो की तिसऱ्या ओळीला बहुधा ऑल्टआयडी दोन द्यायला हवा होता, पण तसे केले असते तर एनच्या ‘*१’ मुळे ते अवैध ठरले असते. दोन खरी नावे एनमध्ये लिहिण्याला वैध मार्गच नाही, आणि वैध दिसणारा मार्ग खोटे विधान करतो. हे विनिर्देशाने स्वतः लिहून ठेवले आहे, याबद्दल मला त्याच्या लेखकांविषयी आदर वाटतो.

विद्यार्थ्याची आज्ञावली चालली असती तर नेमके हे शंकास्पद उदाहरण आमच्या यादीत ठिकठिकाणी उमटले असते, आणि तपासणीने त्याविरुद्ध अवाक्षर काढले नसते. म्हणून वाटणी अशी केली. एक ओळ देवनागरीत आणि दुसरी रोमन असेल, आणि लिप्यंतर करून दोन्ही जुळत असतील, तर ऑल्टआयडी यंत्राने द्यावा. दोन्ही ओळी एकाच लिपीत असतील किंवा लिप्यंतर जुळत नसेल, तर कार्ड ग्रंथपाल बाईंकडे जावे. त्यांनी सभासदांना फोन करून सध्या कोणते नाव चालवता आणि दुसरे नोंदीत हवे आहे का, हे विचारायचे. काहीजणींनी लेखनासाठी माहेरचे नाव ठेवले होते आणि ग्रंथालयात सासरचे चालवले होते. दोन्ही खरी होती.

अशा सभासदांसाठी एनमध्ये सध्याचे नाव, दोन लिप्यांत एकाच ऑल्टआयडीने बांधलेले, आणि दुसरे नाव एफएनच्या आणखी एका नोंदीत, असे ठरले. एफएनची खूण ‘१*’ असल्यामुळे तिथे दोन स्वतंत्र नावांना मुभा आहे. सध्याच्या नावाच्या ओळींना ऑल्टआयडी एक व दुसऱ्या नावाच्या ओळींना ऑल्टआयडी दोन दिला, आणि पसंतीचा क्रम दाखवणारा ‘प्रेफ’ हा पॅरामीटर सध्याच्या नावाला एक असा दिला.

जिथे तपासणी गप्प राहिली

एफएनकडे वळल्यावर एक गोष्ट ध्यानात आली, जी पहिल्या फेरीत आम्हा दोघांनाही दिसली नव्हती. देवघेवीच्या प्रोग्रामने एफएनच्याही दोन ओळी ऑल्टआयडीविना लिहिल्या होत्या, पण एफएनला वर मर्यादा नसल्यामुळे त्या तपासणीतून सुटल्या. वैधही होत्या. मात्र त्यांचा अर्थ असा होत होता की या सभासदाला दोन स्वतंत्र नावे आहेत. नव्या प्रोग्रामने तो अर्थ प्रामाणिकपणे मानला आणि शोधयादीत प्रत्येक सभासद दोनदा आला.

चूक एकच होती, ऑल्टआयडी न देण्याची. एनमध्ये मर्यादा कडक होती म्हणून ती पहिल्याच दिवशी उघडी पडली, आणि एफएनमध्ये मर्यादा सैल होती म्हणून ती मागे राहिली. सैल मर्यादा लिहिणाऱ्याला मोकळीक देते आणि वाचणाऱ्याचा पुरावा काढून घेते. दूरध्वनी, पत्ता, हुद्दा, सर्वांची खूण नुसती तारका आहे, त्यामुळे तिथे दोन ओळी म्हणजे दोन गोष्टी की एकाच गोष्टीची दोन रूपे, हे संख्येवरून कधीच कळणार नाही. पत्त्यांत तर हा गोंधळ मोठा होता, कारण तोच पत्ता दोन लिप्यांत लिहिलेला आणि खरोखरचे दोन पत्ते यांत फाइलीपुरता काहीच फरक नव्हता.

विद्यार्थ्याने येथे एक चांगला प्रश्न विचारला: एनचा ऑल्टआयडी एक आणि एफएनचा ऑल्टआयडी एक, मग या दोन्हींचा आपसांत संबंध जुळतो का? नाही. पर्यायी रूप ठरायला गुणधर्माचे नाव आणि ऑल्टआयडी ही दोन्ही जुळावी लागतात, आणि तोच आकडा वेगवेगळ्या गुणधर्मांत पुन्हा वापरता येतो. त्यामुळे नवी मोजणी अशी झाली: आधी गुणधर्माच्या नावाने गट करायचे, प्रत्येक गटात समान ऑल्टआयडीच्या नोंदी एकत्र बांधायच्या, ऑल्टआयडी नसलेली प्रत्येक नोंद स्वतंत्र धरायची, आणि मग गठ्ठे मोजून खुणेशी ताडायचे.

एनच्या आतही मोजणीचे आणखी दोन थर आहेत, तेही नोंदवतो. अर्धविरामांनी घटक वेगळे होतात आणि एका घटकात स्वल्पविरामाने अनेक मूल्ये लिहिता येतात. ‘*१’ चा या थरांशी काहीही संबंध नाही. एका नावाच्या ओळीत दोन मधली नावे स्वल्पविरामाने लिहिली तरी एन एकच राहतो.

रिकामी जागा, ‘निरंक’ आणि १ जून

संख्या भरली म्हणजे माहिती आली, असेही नाही. एफएन किमान एक हवे, पण त्याचे मूल्य मजकूर या प्रकारचे आहे आणि विनिर्देशाच्या व्याकरणात मजकूर शून्य अक्षरांचाही चालतो. म्हणून ज्या ओळीत एफएनपुढे काहीच लिहिलेले नाही, ती ओळ ‘किमान एक’ ही अट पुरी करते. अशी काही कार्डे निघाली, ती जुन्या संस्था-सभासदांची होती. विनिर्देशाने मागितले नसले तरी एफएन रिकामे नसावे हा नियम आम्ही आमच्यापुरता जोडला, आणि तक्त्यात तो वेगळ्या रंगाने लिहिला, कारण आपला नियम आणि विनिर्देशाचा नियम एकाच यादीत मिसळला की पुढच्या माणसाला दोन्हींतला फरक कळत नाही.

याच्या उलट बाजूला ‘निरंक’ होते. सरकारी तक्ते भरण्याच्या सवयीने कोणीतरी ईमेलच्या रकान्यात रिकामी जागा न ठेवता ‘निरंक’ लिहिले होते, आणि फाइल बनताना ते ईमेलचे मूल्य होऊन बसले. कागदी तक्त्यात निरंक हा शब्द फार मोलाचा आहे, कारण त्यामुळे रकाना पाहायचा राहून गेला नाही हे कळते. व्हीकार्डात मात्र ईमेलची खूण नुसती तारका आहे, एकही नसले तरी चालते, आणि शून्य दाखवण्याचा मार्ग ओळच न लिहिणे हा आहे.

जन्मतारखेचा, म्हणजे ‘बीडे’ या गुणधर्माचा, प्रश्न जास्त नाजूक होता. त्याचीही खूण ‘*१’ आहे आणि त्यालाही ऑल्टआयडी चालतो. महाराष्ट्रातील जुन्या पिढीत १ जून ही जन्मतारीख असलेली माणसे घरोघरी भेटतात, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनीच ती लिहिलेली असते. काही ज्येष्ठ सभासदांच्या अर्जावर दाखल्यावरची तारीख आणि खरी तारीख अशा दोन्ही होत्या. ऑल्टआयडीने त्या बांधल्या तर कार्ड वैध झाले असते, पण त्या एका तारखेची दोन रूपे नाहीत, एकमेकींना छेद देणारी दोन विधाने आहेत. इंग्रजी दिनांक आणि त्याच दिवसाची शके-तिथी मजकूर म्हणून लिहिणे, हा ऑल्टआयडीचा योग्य वापर झाला असता. आम्ही बीडेमध्ये सभासदाने स्वतः सांगितलेली तारीख ठेवली आणि दाखल्यावरची तारीख टीप या गुणधर्मात, ती कशावरून घेतली याच्या उल्लेखासह लिहिली. ज्यांना फक्त साल आठवत होते त्यांचे फक्त सालच लिहिले, कारण ४.० मध्ये तेवढीच तारीख वैध आहे.

मे २०२४ मध्ये आलेल्या आरएफसी ९५५३ ने, म्हणजे संपर्क-माहितीच्या जेएसकॉन्टॅक्ट या नव्या स्वरूपाने, हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला आहे. तिथे कार्डाला नाव एकच असते आणि इतर भाषा-लिप्यांतील रूपे भाषांतरांच्या स्वतंत्र कप्प्यात जातात, त्यामुळे ती मोजणीत येतच नाहीत. रचना म्हणून मला हे अधिक स्वच्छ वाटते. आमच्या दोन्ही प्रोग्रामना मात्र ते स्वरूप वाचता येत नव्हते, म्हणून काम व्हीकार्डातच पुरे केले.

फोन करून विचारायच्या कार्डांपैकी काही अजून शिल्लक आहेत, कारण क्रमांक बदललेले आहेत किंवा सभासद परगावी असतात. त्या कार्डांत एनची ओळ ठेवलेली नाही. दोन नावांतील कोणते आत्ताचे हे ठाऊक नसताना एक निवडण्याचा अधिकार आम्हाला नाही, आणि ‘*१’ मधल्या शून्याने तशी मोकळीक दिलेली आहे. एफएनमध्ये वहीत आहेत तशी दोन्ही नावे स्वतंत्र नोंदी म्हणून लिहिली आहेत, पसंतीचा क्रम न देता. त्या सभासद पुस्तक बदलायला आल्या की ग्रंथपाल बाई विचारतील आणि त्या सांगतील ते नाव एनमध्ये जाईल.